धूर आणि अग्नी : धमनीतील दाहाविषयी एक वाद

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हृदयरोगतज्ज्ञांना चांगलीच ठाऊक झाली होती. तिचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र कोणाजवळ नव्हते. अमेरिकेत बॉस्टन येथील ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील संशोधक पॉल रिडकर यांनी १९९० नंतरच्या दशकापासून या प्रश्नाचा जो पाठपुरावा केला, त्याचे सूत्र थोडक्यात सांगता येते : धमनीत साचणारी चरबी ही अर्धीच हकीकत असून त्या चरबीला शरीराने दिलेला प्रतिसाद, म्हणजे दाह, ही तिची उरलेली अर्धी बाजू आहे, आणि ती रक्ताच्या एका साध्या तपासणीने मोजता येते. दाह म्हणजे इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराच्या संरक्षक पेशी त्या जागी धाव घेतात तेव्हा घडणारी प्रक्रिया. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही तिची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. धमनीच्या आतल्या अस्तरात चालणारा दाह मात्र या चारांपैकी एकही लक्षण दाखवीत नाही, वर्षानुवर्षे मंदपणे चालू राहतो, आणि म्हणूनच त्याचा माग रक्तातील खुणांवरून काढावा लागतो.

हे सूत्र आता पाठ्यपुस्तकांत शिरले आहे. ते कोठवर ताणता येते याविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही. पुढील संवादात त्या वादाच्या दोन बाजू आहेत. डॉक्टर हे हृदयरोगतज्ज्ञ असून रिडकर यांच्या संशोधनाकडे त्यांचा कल आहे. प्राध्यापक हे वैद्यकीय संख्याशास्त्राचे अध्यापक असून आकड्यांमागे काय दडले आहे हे पाहिल्यावाचून पुढे न जाण्याची त्यांची शिस्त आहे. ही दोन्ही माणसे कल्पित आहेत. त्यांनी आधारासाठी घेतलेली संशोधने मात्र प्रसिद्ध झालेली आणि कोणालाही तपासून पाहता येतील अशी आहेत.

डॉक्टर : सर, धमनीकाठिण्य, म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबीचे थर जमून ती जाड आणि कठीण होण्याचा विकार, हा दाहाचा विकार आहे ही कल्पना रिडकर यांची नव्हे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५०च्या दशकात ती मांडली होती आणि व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी तिला विरोध केला होता. पुढे १९१३ मध्ये रशियात आनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत तसेच थर निर्माण करून दाखवले, १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात हजारो रहिवाशांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, आणि सगळे लक्ष कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांकडे वळले. त्यात चूक काही नव्हते. पण धमनीची भिंत म्हणजे निर्जीव नळी आणि चरबी म्हणजे तिच्यात साचणारा गाळ, असे एक चित्र त्यातून रूढ झाले आणि ते चित्र चुकीचे होते. त्याच ब्रिगम हॉस्पिटलमधील पीटर लिबी आणि सिॲटलचे रसेल रॉस यांच्यासारख्या अभ्यासकांनी धमनीची भिंत ही जिवंत, प्रतिसाद देणारी ऊती आहे हे दाखवून दिले, आणि रॉस यांनी १९९९ मध्ये या विकाराला शीर्षकातच दाहाचा विकार म्हणण्याचे धाडस केले.

या यंत्रणेचे आजचे वर्णन साधारण असे आहे. रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, धमनीच्या अस्तराखाली शिरतात आणि तेथे अडकून पडतात. त्यांना गिळण्यासाठी भक्षक पेशी येतात आणि चरबीने फुगून तेथेच राहतात. त्या साठ्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार झाले की भक्षक पेशींमधील एक धोक्याची यंत्रणा जागी होते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे संदेशवाहक प्रथिन बाहेर पडते. त्याच्या प्रेरणेने इंटरल्यूकिन-६ तयार होते. आणि इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, रक्तात सोडू लागते. चरबीच्या थरावरचे तंतुमय आवरण दाहामुळे पातळ होऊन फाटते, तेथे रक्ताची गुठळी जमते, आणि झटका येतो. या साखळीकडे पाहिले की कोलेस्टेरॉल आणि दाह यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याचे कारणच उरत नाही.

प्राध्यापक : यंत्रणा सुसंगत आहे, हे मान्य. परंतु सुसंगत यंत्रणा सांगता आल्यामुळे ज्या उपचारांवर विश्वास ठेवला गेला आणि जे पुढे चाचणीत निष्फळ ठरले, त्यांची यादी वैद्यकाच्या इतिहासात लांबलचक आहे. शिवाय डॉक्टरसाहेब, ज्या सीआरपीवर ही सगळी इमारत उभी आहे, त्याचा हृदयाशी मुळात काही संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तिकेतील ‘सी’ नावाच्या घटकाशी ते संयोग पावते म्हणून त्याला ते नाव मिळाले. फ्लू, हिरड्यांचा आजार, संधिवात, मार लागणे, या सर्वांनी ते वाढते. इतक्या गोष्टींनी हलणाऱ्या काट्यावरून हृदयाचे भविष्य कसे वाचायचे?

प्राध्यापकांचा हा आक्षेप जुना आहे आणि तो गंभीर आहे. रिडकर यांच्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधाचे मोल समजून घ्यायचे तर तो आधी समजून घ्यावा लागतो. जंतुसंसर्गात सीआरपी शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते, तर हृदयविकाराच्या संदर्भात ज्या वाढीची चर्चा होते ती लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम इतकी क्षीण असते आणि जुन्या तपासण्यांना ती टिपताच येत नसे. अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी, म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटी, तपासणी उपलब्ध झाल्यावरच हा प्रश्न विचारणे शक्य झाले.

डॉक्टर : आणि प्रश्न विचारण्यासाठी योग्य असे रक्तही हाती होते, हे विसरता येत नाही. अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी भाग घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासात ॲस्पिरिनची चाचणी घेण्यात आली होती. त्यांच्यापैकी अनेकांनी सुरुवातीलाच, पूर्ण निरोगी असताना, रक्ताचे नमुने दिले होते आणि ते गोठवून ठेवलेले होते. पुढे ज्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शिरांत रक्ताची गुठळी झाली अशा ५४३ जणांचे आणि ज्यांना असे काही झाले नाही अशा ५४३ जणांचे ते जुने नमुने रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिले आणि निष्कर्ष १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. सीआरपी सर्वांत अधिक असलेल्या चतुर्थांश लोकांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण, सर्वांत कमी असलेल्या चतुर्थांशाच्या मानाने, जवळजवळ तिप्पट होते आणि रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघाताचे दुप्पट. झटक्यानंतर वाढलेले सीआरपी हे झटक्याचा परिणाम म्हणून झटकून टाकता आले असते. येथे वाढ आधी आहे आणि झटका कित्येक वर्षांनी आलेला आहे. पुढे २००२ मध्ये २७,९३९ अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात सीआरपी हे एलडीएलपेक्षाही अधिक समर्थपणे भविष्य सांगते असे आढळले, आणि त्याच स्त्रियांचा ३० वर्षांचा पाठपुरावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हाही चित्र पालटले नव्हते : सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पंचमांशांत धोक्याचे गुणोत्तर सीआरपीच्या बाबतीत १.७० होते, एलडीएलच्या बाबतीत १.३६. प्रौढपणी एकदाच घेतलेल्या रक्ताच्या नमुन्याने तीन दशकांनंतरची गोष्ट सुचवावी, हे थोडे नाही.

प्राध्यापक : सुचवावी, हा शब्द बरोबर आहे. पण आइसलँडमधील रेक्याविक अभ्यासातील २,४५९ रुग्णांच्या आधारे जॉन डनेश आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये काढलेला आकडा पाहिला, तर ते गुणोत्तर १.४५ इतकेच उरते आणि रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांच्यापुढे ते फिके पडते. आता मूळ मुद्द्याकडे. नैयायिकांचे पर्वतावरचे उदाहरण आपल्या परंपरेत सर्वांना परिचित आहे : धूर दिसला म्हणजे अग्नी असलाच पाहिजे. पण त्याच नैयायिकांनी उलट दिशेचे अनुमान नाकारले. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायचा तर इंधन ओले असावे लागते. मध्ये दडलेल्या या अटीला त्यांनी उपाधी म्हटले, आणि संख्याशास्त्रात ज्या छुप्या तिसऱ्या घटकाची भीती बाळगली जाते तो तिचा जवळचा नातेवाईक आहे. लठ्ठ माणसाचे सीआरपी अधिक असते, धूम्रपान करणाऱ्याचे अधिक असते, मधुमेह्याचे अधिक असते. हृदयविकारही याच लोकांना अधिक होतो. मग सीआरपी आणि हृदयविकार यांची जोडी जमली याचा अर्थ सीआरपी हृदयविकार घडवते असा कसा होतो?

या ठिकाणी प्राध्यापकांच्या बाजूला आनुवंशिकीचे बळ मिळते, आणि ते बळ पुष्कळ आहे. प्रत्येक माणसाला आईवडिलांकडून कोणती जनुके मिळतील हे गर्भधारणेच्या वेळी सोडतीसारखे ठरते आणि पुढच्या आयुष्यातील आहार, व्यसने किंवा उत्पन्न यांचा त्यावर काही परिणाम होत नाही. म्हणून ज्यांच्यात जन्मतःच सीआरपी अधिक तयार करणारी जनुके आहेत त्यांना हृदयविकार अधिक होतो का, हे पाहिले की कार्यकारणाचा प्रश्न उपाधीवाचून तपासता येतो. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात. सुमारे १,९४,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०११ मधील अशा एका मोठ्या अभ्यासात उत्तर नकारार्थी आले : जनुकांमुळे वाढलेले सीआरपी हृदयविकार वाढवीत नाही.

डॉक्टर : हे उत्तर मान्य आहे, किंबहुना ते आवश्यक होते. सीआरपी हा धूर आहे, अग्नी नव्हे, आणि धूर पुसून टाकल्याने घर वाचत नाही. पण सर, त्याच पद्धतीने साखळीची वरची कडी तपासली गेली तेव्हा काय आढळले, तेही सांगायला हवे. इंटरल्यूकिन-६ ज्या ग्राहकाला चिकटून आपला संदेश देते, त्या ग्राहकाचे काम जन्मतःच थोडे मंद करणारी जनुके ज्यांना मिळाली आहेत, अशा लोकांत हृदयविकार कमी असतो, असे २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या दोन निबंधांनी दाखवले. म्हणजे धुरावरून अग्नीकडे जाणारे अनुमान बरोबर होते; फक्त अग्नी यकृताच्या अलीकडे, इंटरल्यूकिनच्या वाटेवर शोधायचा होता.

प्राध्यापक : दोन निबंध आणि एक सुंदर वाट. पण रिडकर यांनी त्या वाटेवर जाण्यापूर्वी ज्युपिटर ही चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, आणि तिच्याविषयी बोलल्याखेरीज पुढे जाणे योग्य नाही.

ज्युपिटर चाचणी आजही मतभेदाचे मोठे कारण आहे. २६ देशांतील १७,८०२ स्त्रीपुरुष तिच्यासाठी निवडले गेले. त्यांचे एलडीएल १३० मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे तेव्हाच्या निकषांनुसार औषध न लागणारे होते, पण सीआरपी २ किंवा त्याहून अधिक होते. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे, स्टॅटिन वर्गातील औषध, रोज २० मिलिग्रॅम, देण्यात आले आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ही चाचणी ठरल्यापेक्षा बरीच लवकर, सरासरी दोन वर्षांच्या आतच थांबवण्यात आली, कारण औषधाच्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी घटल्या होत्या.

प्राध्यापक : ४४ टक्के हा आकडा वर्तमानपत्रांना आवडला. प्रत्यक्षात प्लासिबो गटातील ८,९०१ पैकी २५१ जणांना अशी घटना झाली आणि औषधाच्या गटातील तितक्याच लोकांपैकी १४२ जणांना. म्हणजे साधारण ८२ लोकांनी औषध घेतले तेव्हा त्यांच्यातील एकाची घटना टळली, आणि मधुमेहाचे निदान प्लासिबो गटात २१६ जणांचे तर औषधाच्या गटात २७० जणांचे झाले. याहून मोठी उणीव रचनेत आहे. ज्यांचे सीआरपी कमी आहे अशा लोकांचा गट या चाचणीत नव्हताच. मग लाभ सीआरपी अधिक असल्यामुळे झाला, की स्टॅटिन घेणाऱ्या कोणालाही तो झाला असता, हे कसे कळावे? शिवाय रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल निम्म्यावर आणले होते. दाह कमी झाल्यामुळे लाभ झाला, की एलडीएल उतरल्यामुळे, हा प्रश्न ज्युपिटरने सोडवला नाही, अधिक गुंतागुंतीचा केला. आणखी एक गोष्ट : चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने केला, आणि दाहाच्या रक्तचाचण्यांसंबंधी ब्रिगम हॉस्पिटलकडे असलेल्या पेटंटांवर सहसंशोधक म्हणून रिडकर यांचे नाव आहे.

डॉक्टर : ते हितसंबंध रिडकर यांनी स्वतःच निबंधात जाहीर केलेले आहेत, आणि जाहीर केलेला हितसंबंध हा पुराव्याचे वजन पाहण्याचा एक निकष असतो, पुरावा फेटाळण्याचे कारण नव्हे. ज्युपिटरच्या रचनेवरचा आक्षेप मात्र न्याय्य आहे. फरक एवढाच की तो आक्षेप रिडकर यांनीही गांभीर्याने घेतला, आणि म्हणूनच त्यांनी पुढची चाचणी अशा औषधाची घेतली जे कोलेस्टेरॉलला स्पर्शही करत नाही.

ती चाचणी म्हणजे कॅन्टोस, आणि या वादात काही निर्णायक घडले असेल तर ते येथेच. कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंडाच्या स्वरूपातील औषध इंटरल्यूकिन-१ बीटाला पकडून निष्प्रभ करते. काही दुर्मिळ आनुवंशिक दाहविकारांसाठी ते आधीपासून वापरात होते. ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला आहे आणि उत्तम उपचार चालू असूनही ज्यांचे सीआरपी २ पेक्षा खाली येत नाही, अशा १०,०६१ रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागून, तीन गटांना दर तीन महिन्यांनी ५०, १५० किंवा ३०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि चौथ्याला प्लासिबो देण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये बार्सिलोना येथे युरोपीय हृदयरोग संस्थेच्या अधिवेशनात निष्कर्ष मांडले गेले. सीआरपी लक्षणीय उतरले. एलडीएल जागचे हलले नाही. आणि १५० मिलिग्रॅमच्या गटात हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह शमवून झटके कमी करता येतात, हे माणसांवरील मोठ्या चाचणीत प्रथमच दिसले. व्हिर्शो यांच्या कल्पनेला सुमारे दीडशे वर्षांनी मिळालेला हा पुरावा आहे, आणि या लेखाच्या मते रिडकर यांचे खरे कर्तृत्व सीआरपीची तपासणी लोकप्रिय करण्यात नसून हा प्रश्न अशा रीतीने मांडण्यात आहे की त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकले असते.

प्राध्यापक : कॅन्टोसने कार्यकारणाचा प्रश्न सोडवला, हे मान्य करायला संकोच नाही. उपाधी येथे उरत नाही, कारण कोणाला औषध मिळावे हे चिठ्ठीने ठरले. पण रुग्णाच्या दृष्टीने हिशेब मांडला तर काय दिसते? दर शंभर रुग्णांमागे वर्षाला घटना ४.५० वरून ३.८६ वर आल्या. म्हणजे हजारांत सहा. त्याच वेळी जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू शंभरांमागे वर्षाला ०.१८ वरून ०.३१ वर गेले. म्हणजे हजारांत एक वाढला. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. ज्या औषधाचा वर्षाचा खर्च अमेरिकेत अतिशय मोठा आहे, ते या लाभासाठी कोण देणार? अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये हृदयविकारासाठी त्याला मान्यता दिली नाही, आणि ते रास्तच झाले.

डॉक्टर : ज्यांचे सीआरपी पहिल्या इंजेक्शननंतर २ च्या खाली आले त्यांच्यात घटना २५ टक्क्यांनी घटल्या आणि मृत्यूही कमी झाले, हे विसरू नये.

प्राध्यापक : ते विसरलेले नाही, पण त्याला तितके वजन देता येत नाही. औषधाला चांगला प्रतिसाद देणारा रुग्ण हा मुळातच अधिक सुदृढ असू शकतो. चिठ्ठी टाकून झाल्यानंतर पाडलेल्या गटांना चिठ्ठीचे संरक्षण नसते, आणि उपाधी मागच्या दाराने पुन्हा आत येते. कॅन्टोसमध्येच फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही कमी दिसले होते आणि मोठा गाजावाजा झाला होता. कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार म्हणून त्या औषधाच्या स्वतंत्र चाचण्या घेतल्या गेल्या तेव्हा मुख्य उद्दिष्ट एकीतही साधले नाही.

डॉक्टर : कर्करोग झाल्यावर उपचार करणे आणि तो होऊ न देणे या भिन्न गोष्टी आहेत, पण तो वाद येथे नको. येथे सांगण्याजोगे दुसरे आहे. औषधाची किंमत हा आक्षेप रिडकर यांनाही दिसत होता, म्हणून कॅन्टोसच्या सोबतच त्यांनी मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या जुन्या, स्वस्त औषधाची चाचणी अमेरिकी सरकारच्या पैशावर चालवली होती. ४,७८६ रुग्णांवर झालेल्या त्या सर्ट नावाच्या चाचणीत काहीही लाभ दिसला नाही, आणि तो निष्कर्ष त्यांनी २०१८ मध्ये तितक्याच ठळकपणे जाहीर केला. मेथोट्रेक्सेटने इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी यांपैकी काहीच उतरवले नव्हते. दाह हा एकच एक नाही; त्याच्या अनेक वाटा आहेत, आणि झटक्याकडे जाणारी वाट विशिष्ट आहे.

प्राध्यापक : अपयशाचे असे स्पष्टीकरण नंतर सुचते तेव्हा सावध राहिलेले बरे. तरी सर्टचा निष्कर्ष न दडवता प्रसिद्ध झाला, ही गोष्ट रिडकर यांच्या बाजूची, यात शंका नाही.

स्वस्त औषधाचा शोध तेथे थांबला नाही, आणि त्याचा पुढचा टप्पा मराठी वाचकाच्या ओळखीच्या एका वनस्पतीपाशी येतो. संधिवाताच्या एका प्रकारासाठी, गाउटसाठी, शतकानुशतके वापरले गेलेले कॉल्चिसिन हे द्रव्य युरोपात कॉल्चिकम नावाच्या फुलझाडाच्या कंदातून मिळवले जाई; तेच द्रव्य पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लालपिवळ्या फुलांनी झळकणाऱ्या विषारी कळलावीतही असते. (कळलावीचे कंद किंवा बी घरगुती औषध म्हणून खाणे जिवावर बेतू शकते, हे येथेच सांगून ठेवायला हवे.) कॅनडातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कोल्कॉट चाचणीत, झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांत रोज अर्धा मिलिग्रॅम कॉल्चिसिनने हृदयविषयक घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधील ५,५२२ स्थिर रुग्णांवरील चाचणीत त्या ९.६ वरून ६.८ टक्क्यांवर आल्या. आणि जून २०२३ मध्ये अमेरिकी नियामकांनी या मात्रेला मान्यता दिली. त्यानंतर २०२४ मध्ये, ताज्या झटक्यानंतरच्या ७,०६२ रुग्णांवरील क्लिअर चाचणीत मात्र फरक दिसला नाही : कॉल्चिसिन गटात ९.१ टक्के, प्लासिबो गटात ९.३ टक्के.

प्राध्यापक : दोन होकार, आणि सर्वांत मोठ्या चाचणीचा नकार. अशा वेळी होकार देणाऱ्या चाचण्यांकडे बोट दाखवून नकाराला अपवाद ठरवायचे नसते.

डॉक्टर : नकाराकडे बोट दाखवून होकारही पुसता येत नाहीत. ताज्या झटक्यातील दाह आणि जुन्या, स्थिर विकारातील दाह एकच आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही. पण आज औषधापेक्षा तपासणीचा प्रश्न निकडीचा आहे. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत सीआरपी २ किंवा अधिक असणे हा धोका वाढवणारा घटक मानला आहे, आणि २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने ही तपासणी सरसकट करावी असे सुचवले. जे मोजले जात नाही त्यावर उपचार होत नाहीत, हा साधा व्यवहार आहे.

प्राध्यापक : जे मोजले जाते त्यावर अनावश्यक उपचारही होतात, हाही व्यवहारच आहे. ५२ अभ्यासांतील २,४६,६६९ लोकांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये काढलेला हिशेब असा आहे की मध्यम धोक्याच्या ४०० ते ५०० लोकांची सीआरपी तपासणी केली, तर दहा वर्षांत एक जादा घटना टाळता येईल. हा लाभ शून्य नाही; पण एखाद्याला सीआरपी मोजून उपचार करणे आणि न मोजता नेहमीचे उपचार करणे, या दोन धोरणांची चिठ्ठी टाकून तुलना करणारी मोठी चाचणी कोठे आहे? अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयी सल्ला देणाऱ्या स्वतंत्र मंडळाने २०१८ मध्ये पुरावा अपुरा असल्याचेच म्हटले होते. कॅन्टोसने दाहाची कारणता सिद्ध केली. सरसकट तपासणीची उपयुक्तता तिने सिद्ध केली नाही. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही.

प्राध्यापकांचे हे म्हणणे अधिक सबळ आहे, आणि भारताच्या संदर्भात तर ते अधिकच लागू पडते, जरी येथे डॉक्टरांनाही एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे.

डॉक्टर : दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५८.८ व्या वर्षी, असे ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात आढळले. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पुरुषांचे सीआरपी गोऱ्या पुरुषांपेक्षा १७ टक्क्यांनी अधिक होते, आणि त्याचा संबंध पोटावरच्या चरबीशी होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्णन केलेला, अंगाने बारीक दिसणारा पण शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असलेला भारतीय माणूस येथे आठवावा. वजनकाट्यावर निर्धास्त दिसणाऱ्या अशा माणसाला सीआरपीची तपासणी आगाऊ इशारा देऊ शकेल.

प्राध्यापक : देऊ शकेल, पण त्याच माणसाच्या कमरेला गुंडाळलेली मोजपट्टीही तो इशारा जवळजवळ फुकट देते. ज्या देशात क्षय, हिवताप, डेंग्यू आणि हिरड्यांचे विकार सर्वत्र आहेत, तेथे एका दिवशीच्या एका सीआरपीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. आणि दाह दाबणारी प्रभावी औषधे क्षयाला पुन्हा डोके वर काढू देतील का, हा प्रश्न बॉस्टनपेक्षा मुंबईत अधिक मोठा आहे.

डॉक्टर : म्हणूनच ताप, सर्दी किंवा जखम असताना ही तपासणी करू नये, सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने ती दोनदा करावी, आणि आकडा १० च्या वर गेला तर हृदयापूर्वी जंतुसंसर्ग शोधावा, असे नियम आहेत. अहवालात ३ पेक्षा अधिक आकडा पाहून कोणी स्वतःच्या मनाने औषध सुरू करावे, असे रिडकर यांनीही कधी सुचवलेले नाही.

या एका बाबतीत दोघांचे एकमत आहे. धमनीतील दाह हे हृदयविकाराचे एक खरे कारण आहे, हे रिडकर यांच्या संशोधनाने सिद्ध झाले असे मानायला हरकत नाही; त्या दाहाची तपासणी प्रत्येक प्रौढाची करावी, हा मात्र आजच्या घडीला एका संस्थेचा सल्ला आहे, सिद्धांत नव्हे. दाह शमवणाऱ्या नव्या औषधांवरचा वाद ज्या पायरीवर चालला आहे, तिच्या कितीतरी खालची पायरी आपल्याकडे अजून बांधायची आहे. १७ देशांतील १,५३,९९६ प्रौढांची पाहणी करणाऱ्या प्युअर अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले; त्यांनुसार भारत ज्या अल्प उत्पन्नाच्या गटात मोडत होता, त्या गटात आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी ८० टक्के लोक ॲस्पिरिन, रक्तदाबाची औषधे आणि स्टॅटिन यांपैकी एकही औषध घेत नव्हते, आणि स्टॅटिन घेणाऱ्यांचे प्रमाण ३.३ टक्के होते.